क्लोव्हरच्या पट्ट्या: नोव्हेंबरची नोंद

न्यूझीलंडमधल्या या कुरणात यंदाच्या वसंतात सुपर (सुपरफॉस्फेट) आणि आरपीआर (रिअ‍ॅक्टिव्ह रॉक फॉस्फेट) या दोन स्फुरदाच्या (फॉस्फरसच्या) खतांच्या चाचणी पट्ट्यांतला फरक डोळ्यांना दिसायला लागला. त्याचं कारण मात्र स्फुरद नसून गंधक असावं, असं माझं मत होत चाललंय.

टोकोरोआजवळची ही जमीन प्यूमिसची (सच्छिद्र ज्वालामुखी दगडाची), भुसभुशीत, सामू ५.७, पाऊस भरपूर. अशा ओल्या, आम्लधर्मी मातीत आरपीआर विरघळतं, पण सावकाश. पहिल्या वर्षी जेमतेम एक तृतीयांश. म्हणून पहिल्या वर्षाच्या गवतावरून निकाल द्यायचा नाही, असं आधीच ठरवलं होतं. दोन्हीकडे हेक्टरी ३० किलो स्फुरद धरलं: ९ टक्क्यांचं सुपर ३३३ किलो, १३ टक्क्यांचं आरपीआर २३० किलो. (भारतातल्या मंडळींसाठी: इथल्या पोत्यावरचा आकडा शुद्ध स्फुरदाचा असतो. आपल्या सिंगल सुपरचे १६ टक्के या हिशेबात ७ होतात.)

स्फुरद सारखं झालं, गंधक झालं नाही. तेवढ्या सुपरबरोबर ३६ किलो गंधकही पडतं, आरपीआरमध्ये ते नगण्य. म्हणून आरपीआरच्या अर्ध्या पट्टीत तेवढंच बारीक मूलद्रव्यी गंधक टाकलं. आता त्या अर्ध्या भागात पांढरं क्लोव्हर (कुरणातलं शेंगवर्गीय चारापीक) सुपरच्या बरोबरीनं दाटलंय, पानं रुंद आणि गडद. उरलेल्या भागात ते विरळ, फिकट. सोबतच्या रायग्रास गवताची मुळं तंतुमय आणि दाट असतात, त्यामुळे टंचाईत पहिला मार बसतो तो क्लोव्हरला. आणि नत्र बांधणारं क्लोव्हर हटलं की मागोमाग गवतही पिवळं पडतं. जनावरांनी चरू नये म्हणून ठेवलेल्या पिंजऱ्याखालचं गवत कापून क्लोव्हर हातानं वेगळं करायचं काम किचकट आहे, पण मला त्यात फार आनंद मिळतो. नुसत्या एकूण वजनात हा फरक बुडून गेला असता.

सुपरमधलं सल्फेट हिवाळी पावसात प्यूमिसमधून वाहून जातं. मूलद्रव्यी गंधक जिवाणू हळूहळू बदलतात, त्यामुळे ते टिकतं. पुढचा हिवाळा म्हणूनच महत्त्वाचा.

शरद ऋतूत वरच्या ७.५ सेंटिमीटरचे नमुने काढीन. मातीतलं स्फुरद मोजणाऱ्या ऑल्सेन चाचणीतलं द्रावण अल्कधर्मी असल्यानं न विरघळलेलं आरपीआर तिला दिसतच नाही, म्हणून त्या पट्टीची रेझिन चाचणीही करून घेणार आहे.

लसूणघासाला आरपीआर चालेल का, असं महाराष्ट्रातून विचारलं जातं. सामू ८ च्या चुनखडीच्या काळ्या मातीत ते विरघळणार नाही. तिथे सिंगल सुपरच वापरा, गंधकही मिळेल.