सागाला पालवी फुटली आणि काकांचं नेट गेलं

काकांचं घर इंदूरपासून तसं काही लांब नाही, सिमरोल सोडून चोरलकडे निघालं की घाटाच्या अलीकडे आत वळायचं, शेत आणि शेतातच घर. पण नेटच्या हिशोबानं ते घर दुसऱ्याच जगात आहे. माझ्याकडे इथे फायबर, पोरं दोन दोन स्क्रीन लावून बसतात, आणि तिकडे काकू बीपीचं मशीन हातात घेऊन गच्चीच्या एकाच कोपऱ्यात उभी राहते, पाण्याच्या टाकीशेजारी, कारण डॉक्टरांचा व्हिडिओ कॉल तेवढ्याच जागेवर टिकतो. भर उन्हात सुद्धा. ते एकदा बघितलं आणि ठरवलं की ह्याचं काहीतरी करायचंच.

गेली दोन वर्षं तेच चाललंय. आता ओळखीपाळखीतले सगळे विचारतात की गावाकडच्या घराला ते डिशवालं सॅटेलाईट नेट घ्यावं का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

पहिला प्रयोग वायरलेस लिंकचा. जवळच्या गावातला एक नेटवाला आपल्या टॉवरवरून ५ गीगाहर्ट्झवर सिग्नल मारायचा, आपल्या गच्चीवर छोटी डिश लावायची, बस. एप्रिलमध्ये लावली, काय पळत होतं! पुण्याहून भाऊ आला तर त्यानं आठवडाभर तिथूनच ऑफिसचं काम केलं, काकूचा कॉल घरात पंख्याखाली बसून व्हायला लागला, सगळे खूश. मग जून संपला, दोन चांगले पाऊस झाले आणि लिंक आधी अडखळायला लागली आणि जुलैत पूर्ण गेली. नेटवाला फोनवर एवढंच म्हणायचा, "भैया, मौसम खराब है." शेवटी मी स्वतः गच्चीवर चढून त्या टॉवरच्या दिशेनं बघत उभा राहिलो आणि कळलं. मधे सागाची झाडं आहेत. एप्रिलमध्ये साग पार उघडा असतो, नुसत्या काठ्या, पलीकडचा टॉवर स्वच्छ दिसत होता, आणि आता ताटाएवढी पानं, वरून ओली, टॉवर दिसतच नव्हता. ५ गीगाहर्ट्झला समोरचा टॉवर उघडा दिसावा लागतो, ओल्या पानांतून तो सिग्नल जात नाही. आमच्याकडे कोणी लिंक लावायला आलं तर मी सांगतो, मोजायचं असेल तर श्रावणात ये.

नंतर ४जी. इथे लोक मोठी चूक करतात, मोबाईलचा बूस्टर आणून लावतात. कृपा करून करू नका, परवानगीशिवाय बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे आणि त्यानं आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क खराब होतं. सिमचा राऊटर आणि त्याला बाहेरचा अँटेना ही वेगळी गोष्ट, त्यात काही गैर नाही. आम्ही वीस फुटी जीआय पाईपवर दिशा धरणारा अँटेना चढवला, काका पाईप धरून उभे, मी खाली मोबाईलवर सिग्नलचा आकडा वाचतोय, "अजून थोडा डावीकडे काका, थोडा अजून, बास बास!" घरात -११४ होतं, वर -९६ झालं, म्हणजे शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं. एवढ्या फरकानं कॉल लागतो. पण संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव मोबाईलवर असतं, तेव्हा टॉवर एक आणि वाटेकरी शंभर, दांडे पूर्ण दिसतात आणि पान उघडत नाही. शिवाय रोजचा डेटा संपला की स्पीड ६४ केबीपीएस, मग काय ते.

५जीचं घरगुती एअरफायबर, म्हणजे तारेशिवाय टॉवरवरून घराला मिळणारं नेट, मस्त आहे, जिओनं ते १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला, आठ शहरांत सुरू केलं आणि मग पसरत गेलं. जवळ ५जीचा टॉवर असेल तर डोळे झाकून घ्या. काकांकडे नाही, त्यामुळे आमच्यापुरता विषय संपला.

आता सॅटेलाईट. ह्यात दोन जाती आहेत आणि लोक दोन्ही एकच समजतात. जुनी पद्धत म्हणजे विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर एकाच जागी उभा असलेला उपग्रह. आपण काही मागितलं की ते वर जाणार, खाली येणार, उत्तर परत वर जाणार, परत खाली, झाले जवळपास दीड लाख किलोमीटर, प्रकाशाच्या वेगानं सुद्धा अर्धा सेकंद जातो. पिक्चर बघायला चालेल, पण डॉक्टरांशी बोलताना दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम गप्प होतात. हे तंत्र काही आजचं नाही हां. काका शिक्षक होते, त्यांना बरोबर आठवतं, १९७५ ला साईट नावाचा प्रयोग झाला होता, तेव्हाच्या मध्य प्रदेशासह सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला होता आणि त्या कामात आपले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते. तेव्हा गावाला आकाशातून शाळा मिळाली होती, काका अजून अभिमानानं सांगतात.

नवीन पद्धत स्टारलिंकसारखी, उपग्रह फक्त ५५० किलोमीटरच्या आसपास, पण ते सतत पळत असतात म्हणून हजारो लागतात आणि डिश एकावरून दुसऱ्यावर उडी मारत राहते. उशीर साधारण २५ ते ५० मिलिसेकंद, म्हणजे कॉलला अगदी फायबरसारखं वाटेल. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये आपल्याकडे परवाना मिळाला, वनवेब आणि जिओकडे आधीच होता, पण डिसेंबर २०२५ पर्यंत तरी घरगुती कनेक्शन काही सुरू झालेलं नव्हतं. मध्यंतरी महिना ८,६०० रुपये आणि डिश ३४,००० असे स्टारलिंकचे आकडे फिरले, कंपनीनं ते चाचणीचे खोटे आकडे होते म्हणून सांगितलं, त्यामुळे किमतीवरून आत्ता भांडण्यात अर्थ नाही.

पण भाव सोडून दोन गोष्टी बघा. एक, त्या डिशला आकाशाचा मोठा तुकडा उघडा लागतो, एका कोपऱ्यातून फांदी आली तरी दर काही मिनिटांनी कॉल तुटणार. त्यांच्या ॲपमध्ये कॅमेरा फिरवून अडथळे बघता येतात. काकांकडे अंगणात जमणार नाही, साग आहेच, गच्चीवरच चढवावी लागेल. आणि दुसरी गोष्ट लाईट. साधी मोठी डिश ७५ ते १०० वॅट खाते, चोवीस तास चालू म्हणजे रोज दोन युनिट धरा, आणि पावसाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालवायचा का डिश हा प्रश्न येणार. फायबरचा डबा आणि राऊटर मिळून दहा-पंधरा वॅट, दीड हजाराचा छोटा यूपीएस लावला की तासन् तास बघायला नको. आमच्यासारख्या घराला हा फरक फार मोठा आहे.

म्हणून माझं मत, तार येत असेल तर तारच. भुशाची उंच भरलेली ट्रॉली वायर ओढून नेईल, जेसीबी तोडेल, डब्यावर लाल लाईट लागेल, तरी जोडणारा माणूस मोटारसायकलवर येतो आणि संध्याकाळपर्यंत जोडून जातो. डिश बिघडली तर आपल्या गावात तिला हात लावणारा कोण आहे? ज्यांचं घर दरीत आहे, पाड्यावर आहे, जिथे ना टॉवर दिसतो ना खांब येणार, त्यांनी मात्र पैसे साठवून ठेवावेत, त्यांच्यासाठी ही खरंच मोठी गोष्ट आहे आणि मला ती लवकर यावी असं मनापासून वाटतं.

काकांच्या पंचायत भवनापर्यंत भारतनेटचं, म्हणजे पंचायतींना जोडणाऱ्या सरकारी योजनेचं, फायबर आलेलं आहे. तिथून घर अडीच किलोमीटर, एकट्यासाठी एवढे खांब कोणी टाकत नाही. पण त्याच रस्त्यावर अजून चार घरं आहेत, एकाकडे दुधाचं कलेक्शन आहे, एकाची मुलगी नीटची तयारी करतेय. अर्ज लिहून झालाय, तिघांच्या सह्या मिळाल्यात, उरलेल्या दोघांकडे रविवारी काका आणि मी जाणार आहोत.