ब्राझीलहून कधी आलात?

भोसरीच्या एमआयडीसीत पहिल्यांदा एका व्हेंडरकडे ऑडिटला गेले, तेव्हा शॉपफ्लोअरवर पाऊल टाकताच बुटाला पिवळा रंग लागला. जमिनीवरचे पट्टे आदल्या रात्रीच मारले होते, पुरते सुकलेही नव्हते. तेव्हाचे माझे साहेब तिथे काही बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "पट्टे काय बघतेस? गेजवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघायचं, मोजायचं साधन शेवटचं कधी तपासलं ते त्यावर असतं, नि रिजेक्शनच्या लाल बिनमध्ये काय पडलंय ते बघायचं."

पुढे चाकणला सहा वर्षं आणि इथे श्टुटगार्टजवळ पाच वर्षं मी हेच काम करत आलेय. लोकांच्या कारखान्यात जायचं आणि दाखवायला काढून ठेवलेलं सोडून बाकीचं बघायचं. गेल्या ऑक्टोबरात एका मुलाखतीला गेले तेव्हाही ही सवय सुटली नाही, आणि बरंच झालं म्हणायचं.

आमच्या भागात गाड्यांच्या धंद्याला सध्या उतरती कळा आहे. रोज कुणी ना कुणी 'आमच्याकडे कपात आहे' म्हणतं, म्हणून मीही हात-पाय हलवायला सुरुवात केली होती. उल्मच्या पलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनवणारी कंपनी, घरचाच धंदा, तिसरी पिढी. सकाळी दहाची वेळ.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं वेळेत पोच हो, जर्मन लोक वेळेचे पक्के." आमच्या चिंचवडला हा समज इतका घट्ट आहे की तो मोडायचं माझ्या जिवावर येतं. 2024 साली इथल्या रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण 62 टक्केच वेळेवर पोचल्या. आणि त्यांचं 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आतला उशीर धरून! श्टुटगार्टचं मुख्य स्टेशन तर 2010 पासून खणून ठेवलंय. गाडीपर्यंत जायला बांधकामाला वळसा घालून इतकं चालावं लागतं की पुणे स्टेशनचा जिना बरा वाटतो. तर मी सावधगिरीने दोन तास आधीची गाडी पकडली. नेमकी तीच वेळेवर निघाली. गावातल्या बेकरीत ब्रेत्सेल खात वेळ काढला आणि दहाला दहा कमी असताना रिसेप्शनला उभी राहिले.

रिसेप्शनच्या बाईंच्या यादीत माझं नाव नव्हतं. "आज? कुणाकडे?" मी मोबाइलवर ईमेल दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी फोन लावला, कुणी उचलला नाही. "बसा हं," म्हणाल्या. बाई भल्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. हे त्यांच्यासाठी रोजचंच होतं.

बसले. समोर संस्थापक आजोबांचा कृष्णधवल फोटो. शेजारी 'उत्कृष्ट नियोक्ता' अशी पितळी पाटी, साल 2017. तिच्या खाली 'अपघाताविना दिवस' असा फळा, त्यावर 143. छान आकडा. फक्त कोपऱ्यात खडूने शेवटच्या नोंदीची तारीख लिहिली होती, ती ऑगस्टमधली होती. म्हणजे दोन महिने तो फळा कुणी बदलला नव्हता, आणि रोज त्याच्या समोरून जाणाऱ्या कुणाच्या ते डोळ्यांवरही आलं नव्हतं. स्टिकर सापडलं.

पस्तीस मिनिटांनी एचआरच्या बाई आल्या. धापा टाकत, हातात फाइल. ठरलेल्या खोलीत दुसरीच मीटिंग चालू होती, म्हणून आमची वरात कँटीनमध्ये. आत दुपारच्या जेवणाची तयारी चालली होती, तळलेल्या कांद्याचा वास भरून राहिला होता, मागे कुणीतरी स्टीलचे डबे आपटत होतं. क्वालिटीचे प्रमुख सेफ्टी शूजमध्ये तसेच लाइनवरून आले. आणखी एक गृहस्थ आले, त्यांनी आपण कोण हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

प्रमुखांनी कागद पुढे ओढला, वाचला, आणि विचारलं, "तर मग, ब्राझीलहून कधी आलात?"

मला वाटलं माझं जर्मन चुकतंय. "भारतातून. पाच वर्षं झाली."

"हो हो, पण त्याआधी कुरितिबाला होतात ना?"

इथे बायोडेटावर फोटो लावायची जुनी पद्धत आहे. 2006 च्या भेदभावविरोधी कायद्यानंतर मालक तो मागत नाहीत, पण लोक अजून लावतात. त्यामुळे टेबलाच्या या बाजूने, उलटा का होईना, मला तो फोटो स्वच्छ दिसत होता. भरघोस काळी दाढी, जाड काड्यांचा चष्मा.

"हा बायोडेटा माझा नाही," मी म्हणाले.

त्यांनी फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे पाहिलं, जणू अजून थोडी शक्यता शिल्लक होती. मग तो कागद वहीखाली सरकवला आणि म्हणाले, "काही हरकत नाही. तुम्हीच सांगा स्वतःबद्दल."

'काही हरकत नाही' हे खरं तर मी म्हणायचं होतं. ज्याचा पाय तुडवला गेला तो म्हणतो ते वाक्य. तुडवणाऱ्याने म्हणायचं नसतं. त्या दाढीवाल्याचा पत्ता, जन्मतारीख, फोन नंबर सगळं माझ्या पुढ्यात दोन मिनिटं उघडं पडलं होतं. ज्या देशात दातांच्या डॉक्टरकडे गेलं तरी आधी डेटा-संरक्षणाच्या फॉर्मवर सही करावी लागते, तिथे! आणि माझा कागद त्या क्षणी कुणाच्या हातात होता, कुणास ठाऊक.

मी सांगितलं स्वतःबद्दल. चाकणच्या दिवसांतला एक किस्सा मी तयार करून नेला होता. ग्राहकाची तक्रार आली की तिची उकल आठ पायऱ्यांत करायची एक पद्धत असते, आम्ही तिला 'एट-डी' म्हणतो. ती एका बारीकशा ओ-रिंगवर, म्हणजे गळती अडवणाऱ्या रबरी कडीवर, कशी लावली त्याची गोष्ट. व्हॉल्व्हवाल्यांना ओ-रिंगची गोष्ट आवडेल असा माझा हिशोब. पण एट-डीचं नावही कुणी काढलं नाही. एचआर बाई म्हणाल्या, "काम मुख्यतः सप्लायर क्वालिटीचं, आठवड्यात दोन दिवस घरून चालेल." प्रमुख म्हणाले, "घरून कसं चालेल? हे ग्राहकांच्या तक्रारींचं काम आहे, रोज लाइनवर लागणार." दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग ते अनामिक गृहस्थ पहिल्यांदा बोलले: "ते अजून ठरायचंय."

यानंतर तिघं आपसात श्वेबिशमध्ये बोलू लागले. ही इकडची बोली, आणि बाहेरच्यांना ती कळत नाही यावर इथल्या माणसांचा गाढ विश्वास असतो. पाच वर्षं शॉपफ्लोअरवर काढल्यावर अर्धी तरी कळतेच. 'आधीच्यालाही हेच सांगितलं होतं' एवढं नक्की कळलं. म्हणून विचारलं, या जागेवर आधी कोण होतं? डबे आपटण्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग प्रमुखच म्हणाले, दोन वर्षांत तिघं. खरं बोलले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटला. थकलेला माणूस होता, वाईट नव्हता.

ऑडिटमध्ये चूक सापडली म्हणून आम्ही कधी कुणाला नापास करत नाही. चूक सापडणारच, त्यासाठीच तर गेलेलो असतो. आमचे कान टवकारलेले असतात ते चूक दाखवल्यानंतरच्या पहिल्या दोन मिनिटांसाठी. "अरे, बघू बघू," म्हणत माणूस वाकतो, की "ते काय, नेहमीचंच आहे," म्हणत पुढे चालू लागतो? भोसरीतल्या एका मालकाने तर चुकीचा पार्ट माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या खिशात घातला होता! कँटीनमध्ये त्या दिवशी एक चूक भर टेबलावर आली, ज्याची चूक झाली तो आणि जिला ती भोगावी लागली ती, दोघं समोरासमोर होते, आणि कागद वहीखाली गेला. पाहुण्यासमोर हे, तर रात्रपाळीला गळका व्हॉल्व्ह सापडल्यावर तो कशाखाली जात असेल?

आता, सावळागोंधळ दिसला की पळा, असं मी म्हणत नाहीये. माझी पहिली नोकरीच मुळी गोंधळातली. भोसरीला प्रेसशॉप होतं, मालक तासभर उशिरा आले, हाताला ग्रीस, मला बसायला खुर्ची नाही. त्यांनी एक क्रेट पालथी घातली, वर 'सकाळ' अंथरला आणि म्हणाले, "बसा मॅडम, आज प्रेस बंद पडलाय, माफ करा." मुलाखतीत चार वेळा उठून गेले. पण डिप्लोमाला माझा प्रोजेक्ट कशावर होता हे त्यांना पाठ होतं, आणि हातात व्हर्नियर देऊन त्यांनी एक पार्ट मोजायला लावला. पगार यथातथा, पण तीन वर्षांत एकदाही एक तारीख चुकली नाही. गोंधळ तिथेही होता, पण मी आलेय हे त्यांच्या लक्षात होतं.

परतीच्या गाडीत (ही मात्र चाळीस मिनिटं उशिरा) मी एक खेळ खेळले. जर्मनीत नोकरी सोडताना मालकाने लेखी प्रशस्तिपत्र द्यावं असा कायदाच आहे. ते खरं हवं आणि त्याच वेळी माणसाच्या वाटेत येणारंही नको. म्हणून इथे एक सांकेतिक भाषा तयार झालीय. 'सदैव आमचे पूर्णतम समाधान केले' म्हणजे पहिला नंबर. 'सदैव' आणि 'पूर्णतम' दोन्ही गळालं, नुसतं 'समाधान केले' उरलं, की गाडी काठावर आलीच. आणि 'त्यांनी दिलेले काम करण्याचा प्रयत्न केला' असं लिहिलं असेल तर समजायचं, माणूस बिनकामाचा. आमची प्रशस्तिपत्रं मालक लिहितात, मालकांची कुणी लिहीत नाही. मी मोबाइलवर लिहिलं: 'सदर कंपनीने आमची मुलाखत घेण्याचा प्रयत्न केला.' इतकं समाधान बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रात्री आई म्हणालीच, "मिळत असेल तर घेऊन टाक, नखरे नकोत." तिचंही चूक नाही. पण इथे हिशोब वेगळा असतो. माझ्या करारात तीन महिन्यांची नोटीस. म्हणजे इथला दोर कापायचा आणि तिकडे जायचं. तिकडे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, परीक्षेचा काळ. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणालाही निरोप देऊ शकतं, कारण सांगायची गरज नाही. काम कोणतं हे जिथे मालकांनाच ठरवता येत नाही, तिथे ते जमलं की नाही हे कोण ठरवणार? दोन वर्षांत तिघं गेले ते बहुधा याच खड्ड्यात.

अर्थात हे सगळं मी पर्मनंट रेसिडेन्सीचं कार्ड पाकिटात ठेवून बोलतेय. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, नुकत्याच आलेल्या मुलामुलींना ही चैन नसते. भाषेची बी-वन परीक्षा पास असेल तर 21 महिने, नाहीतर 27, पर्मनंट कार्डासाठी तेवढा काळ काढावा लागतो, आणि तोवर नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो, घराचं भाडं आणि इथे राहायची परवानगी दोन्ही असते. माझ्या ओळखीच्या पुण्याच्या एका मुलीने याहून भयंकर मुलाखत देऊन नोकरी घेतली, पावणेदोन वर्षं दात-ओठ खात काढली आणि कार्ड मिळाल्याच्या आठवड्यात राजीनामा टाकला. तिने योग्यच केलं. फक्त ती डोळे उघडे ठेवून गेली होती, पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट ईमेलवर लेखी घेत होती.

मी दोन दिवसांनी नम्रपणे नकार कळवला. डिसेंबरात दुसरीकडे मुलाखत झाली, ऑनलाइन, आणि त्यांची लिंक चालेना. बारा मिनिटांनी मॅनेजरचा स्वतःच्या मोबाइलवरून फोन: "चूक माझी आहे. तुमचा वेळ गेला. उद्या तुम्ही सांगाल ती वेळ." दुसऱ्या दिवशी पहिलाच प्रश्न बायोडेटाच्या दुसऱ्या पानावरचा, ओ-रिंगचा. एप्रिलपासून तिथेच आहे.

उल्मच्या पलीकडच्या कंपनीचं एक प्रकरण मात्र राहिलं होतं. मुलाखतीला बोलावणाऱ्याने प्रवासखर्च द्यायचा असा इथे नियम आहे. देणार नसेल तर तसं आधी कळवावं लागतं. त्यांनी कळवलं नव्हतं. मी तिकिटाची प्रत पाठवली, 61 युरो 40 सेंट. दोन महिने शुकशुकाट, एक आठवण पाठवली, आणि जानेवारीत खात्यात पैसे जमा झाले: 23 युरो 80 सेंट. हा कुठला आकडा, म्हणून मी कंपनीचं पत्र उघडलं. सोबत कुणाच्या तरी बसच्या आणि गाडीच्या तिकिटांच्या प्रती होत्या, तारीख माझ्या मुलाखतीचीच, निघण्याचं ठिकाण बोडेन सरोवराकाठचं एक गाव.

म्हणजे माझे 61 युरो 40 सेंट दाढीवाल्याला मिळाले असावेत. मी ते परत मागितलेले नाहीत.