पातेल्याची खरवड

गुरुवार, रात्री

कुरडयांचा चीक संपला. एवढंच झालंय, पण मघापासून तेच डोक्यात घोळतंय.

मुंबईहून घरी पोचले आणि जिन्यातच तो आंबूस वास आला. गच्चीत जाऊन पाहिलं तर जुन्या साडीवर कुरडया पसरलेल्या, कडेने सुकायलाही लागलेल्या. ठरलं होतं शनिवारी करायचं, मी घरी असताना. पण आई म्हणाल्या, या उन्हात गहू थांबेनात. नख लावलं की दूध यायला लागलं होतं; आणखी ठेवले असते तर वास मारला असता. पटलं मला. एरवी 3 दिवस रोज पाणी बदलत भिजवावे लागतात, पण एप्रिलात गहू आपलं तेच ठरवतात.

मग विचारलं, चीक?

धाकट्याने दूध-साखर घालून खाल्ला. थोरलीने तेल-तिखट. यांनी तूप सोडून दोनदा घेतला. शेजारच्या काकूंकडेसुद्धा वाटी गेली. आई म्हणाल्या, "अगं, गार चीक कुणी खातं का? दगड होतो त्याचा." होतोच. गार झाला की वडीसारखा थिजतो, हे मलाही माहीत आहे. तरीपण एक वाटी झाकून ठेवली असती. मी खाल्ली नसती कदाचित. ठेवायला हवी होती.

माहेरी अमळनेरला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आमच्याकडे अंगणातली चूल पहाटेच पेटायची. जेवढा चीक तेवढंच पाणी, त्यात मीठ-हिंग, उकळी आली की एकीने धार सोडायची आणि दुसरीने दांड्याने घोटत राहायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. चकाकी आली की झाला. मी सगळ्यांत लहान, म्हणून पातेल्याची खरवड माझी. ती कुणी मागायची नाही, वाटायची नाही. आता तिथे कुरडया... जाऊ दे.

जेवताना पुन्हा तेच आलं मनात. काकूंना वाटी गेली. काकूंची आठवण झाली.

धाकटा मात्र भलताच खुशीत होता. आजीने पहिल्यांदाच सोऱ्या हातात दिला होता. दोन्ही हातांनी दांडा फिरवताना तो कसा लोंबकळला, हे त्याने खुर्चीवर चढून दाखवलं. त्याची पहिली कुरडई वेटोळं सोडून साडीवरून पार जमिनीवर उतरली. ती त्याने तिथेच वाळू दिलीय आणि ताईने हात लावायचा नाही अशी ताकीद दिलीय. थोरली म्हणाली, तिला कोण खाणार? यावर जे भांडण झालं त्यात मला इतकं हसू आलं की घास हातातच राहिला.

भांडी आवरताना सहज विचारलं, "खरवड कुणी घेतली?"

"मी," आई म्हणाल्या. "घोटून घोटून दंड भरून आले. पातेलं पुढ्यात घेऊन बसले आणि सगळी खाल्ली."

त्यांनी एवढं सांगितल्यावर रागवायला जागाच उरली नाही. इतकी वर्षं घोटायला मी असते. पातेलं माझ्याच हाताशी असतं, मागायची वेळच येत नाही. मला चीक आवडतो हे या घरात कुणाला कळणार कुठून? आज दांडा त्यांच्या हातात होता. खरवड त्यांचीच. वाटीचं मात्र मला अजूनही लागतंय, ते काही गेलेलं नाही.

आत्ताच अर्धा किलो लोकवन गहू निवडून भिजत घातलेत. रविवारी संध्याकाळी वाटायचे, रात्रभर सत्त्व खाली बसू द्यायचं, सकाळी वरचं पाणी नितळून घोटायचं. सोमवारची रजा टाकली. आई स्वयंपाकघरात आल्या, पातेलं पाहिलं, म्हणाल्या, "आता गं कशाला? वर्षाच्या कुरडया झाल्या की."

म्हटलं, "कुरडयांसाठी नाही, आई. मला गरम चीक खायचाय."