उभा दगड, झोपलेला दगड आणि अंदमानचा समुद्र

आमच्या पारोळ्याकडे समुद्र म्हटला की एकच, सुरतजवळचा डुमस, तोही कुणाच्या तरी लग्नाला सुरतेला गेलं तर संध्याकाळी रिक्षा करून बघायचा, काळी वाळू, भजी, आणि घरी येऊन "तापी इथपर्यंत येते बरं का" एवढं सांगायचं. त्यामुळे आप्पांना अंदमानला न्यायचं ठरवलं तेव्हा गावात सगळ्यांनी एकच विचारलं, काय बघणार तिथे, पाणीच ना. सेल्युलर जेल बघायची होती आप्पांना, खरं कारण ते. पण आप्पांनी उमेदीची वीस-बावीस वर्षं कपाशी सांभाळून विहिरींची कामं घेतली, यारी लावणं, सुरुंगाला भोकं पाडणं, कुठे झिरा लागेल ते सांगणं, आणि असा माणूस कुठेही गेला तरी आधी खाली दगड कोणता ते बघतो. बाकीचे टूरवाले नारळपाणी पीत होते आणि आमचे आप्पा कॉर्बिन्स कोव्हच्या बीचवर पाण्याकडे पाठ करून कडेच्या खडकासमोर उभे.

"आरे, हाऊ दगड उभा कसा शे?"

मी बघितलं तर खरंच. वाळूच्या दगडाचा एक पट्टा, त्याला चिकटून राखाडी मऊ पापुद्रे, परत वाळूचा पट्टा, परत पापुद्रे, आणि हे सगळं आडवं नाही तर तिरकं, काही ठिकाणी जवळजवळ उभं, कपाटात पुस्तकं ठेवावीत तसं. आप्पांनी पापुद्र्यावर नख ओढलं, भुगा निघाला. मग म्हणाले, "आपला दगड झोपेल शे, हाऊ उभा शे." एवढंच बोलले, पण माझ्या डोक्यात ते असं बसलं की परत आल्यापासून रोज रात्री मी अंदमानच्या समुद्राबद्दल मिळेल ते वाचतोय, बायको म्हणते त्यापेक्षा झोपा.

आपल्याकडचं आधी सांगतो. पारोळा-एरंडोल भागात विहीर खणली की वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या म्हणजे मऊसर दगड, मग काळा पाषाण, मधेच गेरूचा लाल पट्टा, आणि खाली परत तेच. सगळं थाळीवर थाळी ठेवल्यासारखं आडवं, कारण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा आला, पसरला, थंड झाला, परत आला, आणि त्यानंतर कुणी त्याला फारसं हलवलं नाही. अंदमानची बेटं मात्र अशी तयारच झाली नाहीत. तिथला तो पट्ट्यापट्ट्यांचा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी खोल समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू आणि चिखल. साचताना तोही आडवाच होता. पण बेटांच्या पश्चिमेला, बंगालच्या उपसागराच्या बाजूला, आपली भारताची प्लेट, म्हणजे देश पाठीवर घेऊन सरकणारा खडकाचा प्रचंड तुकडा, खाली घुसते, आणि घुसताना तिच्या पाठीवरचा गाळ वर खरवडला जातो. गोठ्यात फावड्यानं शेण ओढताना पुढे घड्या पडून ढीग होतो ना, तसा. त्या ढिगाचं पाण्याबाहेर आलेलं टोक म्हणजे अंदमान. हीच घडी उत्तरेला म्यानमारमध्ये जाऊन आराकानचे डोंगर होते, म्हणजे बेटं वगैरे आपण म्हणतो, खरं तर ती बुडालेली डोंगररांग आहे.

आणि या रांगेच्या आतल्या, पूर्वेच्या बाजूला जे पाणी कोंडलंय तो अंदमान समुद्र. याला सीमावर्ती समुद्र म्हणतात. जुन्या वाड्याचं अंगण समजा. बाहेर गल्ली म्हणजे हिंदी महासागर, मधे पडकी भिंत म्हणजे अंदमान-निकोबार, आणि भिंतीला खिंडारं. वर प्रेपारिस खाडी, मधे लिटल अंदमान आणि कार निकोबारच्या दरम्यान टेन डिग्री चॅनेल, ते दीडशे किलोमीटर रुंद, आणि खाली ग्रेट निकोबार आणि सुमात्राच्या मधे ग्रेट चॅनेल. आग्नेय कोपऱ्यात एक बोळ आहे, मलाक्काची सामुद्रधुनी, त्यातून अख्ख्या जगाचा माल जातो. अंगण म्हणतोय पण आकार बघा, उत्तर-दक्षिण १२०० किलोमीटर, रुंदी साडेसहाशेच्या आसपास, क्षेत्रफळ ८ लाख चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे अडीच महाराष्ट्र आरामात मावतील.

आता मला जे खरं भारी वाटलं ते. हे अंगण अजून रुंद होतंय.

कसं, तर भारताची प्लेट सरळ समोरून धडकत नाहीये, तिरकी घासून जातेय उत्तरेकडे. यात्रेच्या गर्दीत एखादा माणूस खांद्याला घासून पुढे गेला की आपलं उपरणं त्याच्याबरोबर ओढलं जातं, तसा काठावरचा एक लांबोडका तुकडा, त्याला बर्मा प्लेट म्हणतात, उत्तरेकडे ओढला जातो, आणि तो सरकला की मागे फट पडते. साधारण ४० लाख वर्षांपूर्वी समुद्राच्या मधोमध ही फट पडायला लागली, खालून लाव्हा येतो, फट भरतो, थिजतो, परत फट पडते, असा नवा समुद्रतळ तयार होतोय, वर्षाला साडेतीन-पावणेचार सेंटीमीटर. मी आप्पांना हॉटेलच्या गॅलरीत हे सांगितलं तर म्हणाले, म्हणजे बांध कोरणं चालू आहे. अगदी तेच! आमच्या बांधाला लागून जे शेत आहे त्याचा मालक दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, आमच्याकडे सरकवतो, एका वर्षी काहीच कळत नाही, वीस वर्षांनी मोजणी आणली की अख्खा बांधच त्याच्याकडे. फटीच्या उत्तरेला अल्कॉक आणि दक्षिणेला सेवेल नावाचे दोन मोठे उंचवटे आहेत पाण्याखाली, ते एकेकाळी एकच होते आणि या फटीनं त्यांना वेगळं केलं असं मानलं जातं. म्हणजे भाऊबंदकीच झाली की.

हीच ओढाताण वर जमिनीवर गेली की तिला सागाइंग फॉल्ट म्हणतात, २८ मार्च २०२५ ला म्यानमारमध्ये ७.७ चा भूकंप झाला आणि पार बँकॉकमध्ये इमारत पडली, तो त्याच भेगेवरचा.

चौथ्या दिवशी वंडूरच्या रस्त्याला गाडीवाल्यानं सिप्पीघाटला थांबवलं. हे आमच्या पॅकेजमध्ये नव्हतं, पॅकेजमध्ये जे होतं त्यातलं निम्मं झालंच नाही, ते जाऊ दे, पण तो पोरगा हुशार, आप्पा शेतकरी आहेत कळल्यावर त्यानं आपणहून दाखवलं. रस्त्याच्या कडेला लांबच्या लांब पाणी, उथळ, शांत, मधे झाडांचे वाळलेले बुंधे, पांढरे बगळे. मला वाटलं तलाव. तो म्हणाला, ही भाताची शेतं होती. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्रापासून वर अंदमानपर्यंत जवळजवळ १३०० किलोमीटर लांबीची भेग सरकली, त्सुनामी आली ती सगळ्यांना माहीत आहे, पण पाणी ओसरल्यावर एक गोष्ट राहिली, जमीनच खाली बसलेली होती. इथे साधारण मीटरभर. त्यामुळे खारं पाणी आलं ते कायमचं. खाली ग्रेट निकोबारला इंदिरा पॉइंटला तर सव्वाचार मीटर खचली, तिथलं दीपगृह पाण्यात गेलं. आणि उत्तर अंदमानला उलटं, किनारा मीटरभर वर उचलला गेला, प्रवाळ उघडं पडून उन्हात मेलं. खाटेचं एक टोक कुणी उचलावं आणि दुसरं टेकवावं तसा प्रकार.

आप्पा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिले. बांधाची रेघ अजून दिसते, पाण्याखालून, चौकोन चौकोन. एका ठिकाणी बांधावर खारफुटीची कोवळी झाडं आली होती, ओळीनं, कुणी लावल्यासारखी. मग गाडीवाल्या पोराला विचारलं, "सातबारावर आते काय लिखतस?"

त्या बिचाऱ्याला ना अहिराणी कळली ना सातबारा. मी हिंदीत समजावून सांगितलं तर तो हसला, म्हणाला कागद पर तो खेत ही होगा अंकल. आप्पा हसले नाहीत. आमच्या आजोबांची थोडी जमीन धरणात गेली होती, तेव्हा निदान नोटीस आली होती, मोबदला कमी का होईना आला होता.

बाराटांगचं थोडक्यात, कारण तिथे चढ असतो आणि आप्पांचे गुडघे. पहाटे जिरकाटांगच्या गेटवर गाड्यांची रांग लावून जारवा लोकांच्या जंगलातून जावं लागतं, त्या रस्त्यावरून आपण जावं का हे मला अजून नीट पटलेलं नाही, गेलो खरं. तिथला चिखलाचा ज्वालामुखी बघून आप्पांची घोर निराशा झाली. कुंपणात राखाडी चिखलाची ढेकळं, मधून एक बुडबुडा येतो, पुक्‌ करून फुटतो, परत दोन मिनिटं काही नाही. बाहेर ओघळून आलेल्या चिखलाला त्यांनी बोट लावलं, थंडगार. "हाऊ कसाना ज्वालामुखी, आपला उनपदेवनं पानी यानापेक्षा गरम शे." बरोबरच आहे त्यांचं, त्यात लाव्हाचा संबंध नाही, खाली दाबल्या गेलेल्या गाळातला गॅस आणि पाणी चिखल घेऊन वर येतं एवढंच. चोपड्याजवळच्या उनपदेवाला मात्र खरंच सातपुड्याच्या पायथ्याच्या भेगेतून खोलवरचं गरम पाणी येतं.

खरा ज्वालामुखी बॅरन बेटावर, पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम म्हणायचं, २०२४ पासून) १३५ किलोमीटर ईशान्येला. दक्षिण आशियातला एकमेव जागता. १७८७ साली त्याच्या उद्रेकाची पहिली नोंद, पुढे आणखी काही उद्रेक, मग शंभराच्या वर वर्षं गप्प, आणि १९९१ पासून परत सुरू, अधूनमधून धूर-राख चालूच. पाण्यावर ३५४ मीटर दिसतो, पण तळापासून मोजला तर दोन किलोमीटरच्या वर जातो, म्हणजे खरा डोंगर पाण्यातच. उत्तरेला नारकोंडम आहे, त्याचाच मोठा भाऊ पण झोपलेला, ७१० मीटर, त्यावर एक धनेश पक्षी राहतो जो जगात दुसरीकडे कुठेच नाही. आम्हाला यातलं काही दिसलं नाही. बोट मिळाली नाही, असो.

हॅवलॉकच्या बोटीत मात्र आप्पांनी एक प्रश्न विचारला, इथे खोली किती असेल. विहीरवाला ना. मी तेव्हा ठोकून दिलं काहीतरी, घरी येऊन बघितलं. हा समुद्र एकसारखा खोल नाहीच. पश्चिमेला आणि मधे तो हजार ते तीन हजार मीटर, बेटांच्या पूर्वेच्या काही घळ्यांमध्ये चार हजाराच्याही खाली, आणि उत्तर-पूर्वेला म्यानमारकडे मात्र दोनशे मीटरसुद्धा नाही. कारण इरावती. ती नदी वर्षाला २५ ते ३५ कोटी टन गाळ आणून टाकते, त्यानं समुद्राचं ते टोक भरत आणलंय. हे वाचल्यावर मला आत्याचा यावलचा केळीचा मळा आठवला. तिथे बोअर मारताना शेकडो फूट नुसती माती आणि वाळू, दगड लागतच नाही, आणि आप्पा दरवेळी म्हणायचे यांचा दगड गेला कुठे. गेला खाली. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन खचली आणि तापीनं तो खड्डा गाळानं भरला, त्याच गाळावर रावेर-यावलची केळी उभी आहे.

अजून एक, बोटीवरच्या खलाशानं सांगितलेलं. म्हणे कधी कधी वारा नसताना समुद्रावर लांबच लांब पट्टा येतो, त्यात पाणी उकळल्यासारखं नाचतं, आणि मग परत सपाट. मला थाप वाटली. पण खरं आहे, त्या पाण्याच्या आतल्या लाटा असतात. वर कोमट हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, भरती-ओहोटी बेटांमधल्या बुडलेल्या उंबरठ्यांवरून जाताना या दोन थरांमधली सीमा हलते. शेवभाजीची वाटी हळूच हलवा, वरची तर्री शांत दिसते पण तिच्या खालची रेघ डुचमळते, तेच. फक्त इथे ती रेघ ६० मीटरच्याही वर खाली-वर होते आणि शेकडो किलोमीटर चालत जाते, उपग्रहाच्या फोटोत पट्टे दिसतात. वर बोटीत बसलेल्याला चहासुद्धा सांडत नाही.

परत आलो त्याला दोन महिने झाले. मागच्या रविवारी धुळ्याला डॉक्टरकडे जायचं होतं आप्पांच्या गुडघ्यासाठी, तिथून मी मुद्दाम गाडी थोडी आत घेतली. धुळे-नंदुरबार पट्ट्यात माळावरून सरळ रेषेत काळ्या दगडाच्या भिंती जातात, लहानपणापासून बघतोय, कुणी म्हणतं पांडवांनी बांधल्या, कुणी म्हणतं भुताची वेस. त्या डाइक आहेत. जमीन ताणली गेली, भेगा पडल्या, खालून लाव्हा घुसला आणि भेगेतच उभा थिजला, काही तर पन्नास किलोमीटरपेक्षा लांब. अंदमानच्या समुद्राच्या मधोमध आज जे चाललंय तसंच काहीसं इथे चालू झालं होतं आणि थांबलं, नाहीतर कुणास ठाऊक पारोळा आणि शिरपूरच्या मधे जहाजं असती.

मी म्हटलं, आप्पा, हा बघा आपल्याकडचा उभा दगड.

ते काही बोलले नाहीत. काठी माझ्याकडे दिली, भिंतीच्या एका कडेला टाच लावली आणि आडवं चालत दुसऱ्या कडेपर्यंत गेले, मोजत. चौदा पावलं. परत येताना पुन्हा मोजली, चौदाच. मग म्हणाले चल, डॉक्टर निघून जाईल.