अशोक कुमार कोण?

"साहेब, इथं अशोक कुमार कुणी नाही." नकली बेअरिंगच्या छाप्यात गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, आणि ते खरंच होतं. माल कोण विकतंय हे दावा लावताना माहीत नसेल, तर अमेरिकेत प्रतिवादीच्या जागी जॉन डो लिहितात; आपल्याकडे अशोक कुमार. 2002 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने फुटबॉल विश्वचषकाचं प्रक्षेपण चोरणाऱ्या अनोळखी केबलवाल्यांविरुद्ध असा आदेश दिला, तेव्हापासून ही वाट रुळली.

जुन्या इंग्लंडात हा डो वादी असायचा. खरा मालक म्हणायचा, मी जमीन डोला पट्ट्याने दिली, रिचर्ड रोने त्याला हुसकावलं. दोघेही कागदावरचे. वर तो रो खऱ्या कब्जेदाराला पत्र धाडायचा, 'कोर्टात हजर राहा, नाहीतर बाहेर काढतील', आणि खाली 'तुमचा स्नेही'! 1852 च्या कायद्याने हे नाटक बंद झालं. नाव मात्र उरलं.

छाप्याआधी पोलीस ठाण्यात आदेशाची प्रमाणित प्रत द्यायची, स्टेशन डायरीत नोंद करून घ्यायची. तिथे ठरलेला प्रश्न: "आरोपीचा पत्ता?" दिवाणी दाव्यात आरोपी नसतो, हे समजावण्यात सकाळ जाते आणि तेवढ्यात बाजारात बातमी पोचते.

दुकानात 6203 नंबरच्या बेअरिंगचे खोके रचलेले होते. डबा चकचकीत, पण बेअरिंग हातात घेऊन 17 मिमीच्या भोकात टॉर्च मारला की आतल्या कड्यावर शाफ्टला घासल्याचे पट्टे दिसत होते. जुना माल पॉलिश करून, नवा नंबर कोरून, ग्रीस भरून विकलेला. पंख्याच्या मोटरीत तो आधी आवाज करतो, मग जाम होतो. कोर्टाच्या कमिशनरने प्रत्येक खोक्यातला नमुना काढला, यादी केली. पोत्याचं तोंड सुतळीने शिवून, गाठीखाली सह्यांची चिठ्ठी ठेवून वर लाख ओतली. नुसती चिकटपट्टी लावू नये. हेअर ड्रायरने ती अलगद निघते. मग सुपूर्दनामा, म्हणजे माल सांभाळायची लेखी हमी, करून सीलबंद माल तिथेच ठेवला.

खरी मेख पुढे आहे. माल सापडला की अशोक कुमार खोडून तिथे खरं नाव घालायचं असतं. त्यासाठी भिंतीवरचं जीएसटी प्रमाणपत्र, वीजबिल, बिलबुक, भाडेकरार यांचे फोटो हवेत. इथे प्रमाणपत्र आधीच्या भाडेकरूचं, वीजबिल जागामालकाचं, बिलबुक नाहीच. पोरगा मालकाला फक्त 'सेठ' म्हणत होता. आम्ही आत शिरल्यापासून सेठचा फोन बंद. सुपूर्दनाम्यावर सही पोराची, जोडलेलं आधार कार्डही त्याचंच.

आमच्या वकिली ऑफिसने पोराच्याच नावाने दाव्यात दुरुस्तीचा अर्ज टाकला. जागामालकाला नोटीस काढून भाडेकरार मागवा, एवढंच मी सुचवलं होतं. त्याला महिना लागला असता, आणि आमच्या पक्षकाराला पुढच्या तारखेला नाव दाखवायचं होतं. अर्ज मंजूर झाला. असले अर्ज मंजूर होतातच, कारण विरोध करायला समोर कुणी नसतं.

आता प्रतिवादी क्रमांक 1 म्हणजे महिन्याच्या पगारावर खोकी उचलणारा पोरगा. समन्स त्याच्या गावच्या पत्त्यावर जाईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 1, नियम 10 खाली त्याला आपलं नाव काढून मागता येतं. त्यासाठी वकील करावा लागेल, आणि सेठचं नाव सांगावं लागेल.