कॅप्टनचा पाय

हे लिहायच्या आधी कॅप्टनला विचारलं. "माझं नाव नको, तालमीचंबी नको. बाकी झालं तसं लिहा," म्हणाला. म्हणून लिहितोय. सेमीफायनल होऊन महिना होत आला, तरी रात्री डोळे मिटले की ती दहा मिनिटं समोर येतात.

मी फिजिओथेरपिस्ट. कोल्हापुरात क्लिनिक आहे, आणि चार हंगाम झाले, एका तालमीच्या फुटबॉल संघाबरोबर मी राजर्षी शाहू स्टेडियमवर बाकड्यावर बसतोय. लोकांना वाटतं फिजिओ म्हणजे स्प्रे घेऊन पळत मैदानात जाणारा माणूस. तो स्प्रे घटकाभर कातडी बधिर करतो, बाकी काही नाही. खरं काम आठवडाभर टेबलावर चालतं. पालथा पडलेला खेळाडू पोटऱ्या दाबून घेताना जे बोलतो, ते कोचसमोर कधीच बोलत नाही. कुणाचा गाडीचा हप्ता थकलाय, कुणाला पुढच्या हंगामाला दुसऱ्या पेठेतून बोलावणं आलंय, हे मला आधी कळतं. कुणाचा पाय खरंच दुखतोय आणि कोण रविवारच्या मॅचला बिचकलाय, हेही.

आमच्याकडं तीन सीनियर. कॅप्टन 34 वर्षांचा, स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा. किपर 36 चा. आणि आठ नंबर, मधल्या फळीतला, 33 चा. तिघं मिळून 40 च्या वर हंगाम खेळलेत. बाकी पोरं 18 ते 22 ची. कोल्हापुरातली ही पिढी वेगळी आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, ते बघून बूट घातलेली ही पोरं. पहाटे साडेपाचला मैदानावर हजर असतात आणि सांगितलेला व्यायाम मोजून करतात. सीनियर लोकांना व्यायाम सांगितला की "डॉक्टर, आमचं आता काय ऱ्हायलंय," असं उत्तर येतं.

गोष्ट बुधवारची. सरावात लांब बॉलमागं पळताना कॅप्टन मध्येच थांबला, बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसला आणि मग चालत कडेला गेला. मी बघितलं, पण बोललो नाही. गुरुवारी रात्री साडेनऊला, क्लिनिकचं शटर अर्धं खाली ओढल्यावर तो आला.

पालथा झोपवला. बसताना जे हाड खुर्चीला टेकतं, तिथून खाली बोटाबोटानं दाबत गेलो. मांडीच्या मागच्या बाहेरच्या बाजूला, हाडापासून चार बोटांवर, त्यानं दात आवळले. ही जागा मला आवडत नाही. दुखणं त्या हाडाच्या जितकं जवळ, तितका खेळाडू उशिरा मैदानावर परततो. मग उताणा करून मांडी सरळ उभी धरायला लावली आणि गुडघा स्वतःहून सरळ करायला सांगितला. डावा जवळजवळ सरळ झाला. उजवा त्याच्यापेक्षा 20 अंश अलीकडंच अडकला. पुन्हा पालथा करून टाच धरली आणि म्हटलं, माझ्या हाताविरुद्ध ओढ. दोन सेकंदांत त्यानं पाय सोडून दिला. दोन वर्षांपूर्वी हाच स्नायू गेला होता, आणि एकदा गेलेली हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा हा स्नायू, पुन्हा जायची शक्यता सगळ्यात जास्त.

"तीन आठवडे," मी म्हटलं.

"रविवारी सेमीफायनल हाय, डॉक्टर."

"म्हणूनच सांगतोय. कोचला उद्या सकाळी कळू दे. दुसरा स्टॉपर तयार आहे."

तो उठून बसला. "पोरगं हाय ते. गॅलरी बघून हादरंल. मी नुसता हुबा ऱ्हायलो तरी आधार हुतो पोरांना." आणि मग, "तुम्ही पट्टी मारा. कोचला काय सांगू नका."

मला या जागी लिहिताना अडखळायला होतं. पेशंटची गोष्ट पेशंटची, ती त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही, हे शिकलोय आणि पाळत आलोय. पण संघाचा फिजिओ म्हटल्यावर पेशंट एकटा तो असतो, की अकराही जण? तेव्हा वाटलं, 34 वर्षांचा माणूस आहे, कॅप्टन आहे, शुक्रवार-शनिवारमध्ये स्वतःच सांगेल. त्याला तसं म्हटलंही. "सांगतो की," म्हणाला.

सांगितलं नाही. आणि मीही सांगितलं नाही.

रविवारी त्याची मांडी मी स्वतः बांधली. केस काढून कातडी कोरडी केली, आधी चिकट स्प्रे मारला. मग टाचेखाली लाकडाचा ठोकळा देऊन गुडघा किंचित वाकवून उभं केलं आणि ताणाच्या पट्ट्या खालून वर, दुखऱ्या जागेवर फुलीसारख्या एकमेकींवरून नेल्या. सुरकुती एक नाही, रक्त अडकेल इतकं आवळलेलं नाही. चार हंगामांत इतकं देखणं स्ट्रॅपिंग मी केलं नसेन. पण पट्टीनं स्नायू सांधत नाही. ती फक्त कातडीला धरून ठेवते आणि माणसाला वाटतं, कुणीतरी धरलंय. हे मला माहीत होतं, त्याला माहीत नव्हतं.

शाहू स्टेडियमवर सेमीफायनल बघितलेल्यांना गॅलरीचं वर्णन नको, न बघितलेल्यांना करून कळणार नाही. 22 व्या मिनिटाला आमच्या 18 वर्षांच्या विंगरनं डाव्या बाजूनं आत शिरून गोल मारला. हाफटाइमला 1-0.

आणि हाफटाइमला आमच्या खोलीत कोणीच बोललं नाही. कोचनं सांगायचं ते सांगितलं: त्यांचा नऊ नंबर आता स्टॉपरच्या मागच्या जागेत पळणार, बचावाची लाईन थोडी खाली घ्या. ते तीन मिनिटांत संपलं. मग शांतता. किपर भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. आठ नंबर पाण्याची बाटली कपाळाला लावून. कॅप्टन दाराकडं तोंड करून उभा, कारण बसलं की पाय आखडत होता, हे फक्त मला कळत होतं. पोरं एकदा याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी विंगर म्हणाला, "दादा, त्यांचा राइट बॅक दमलाय, मला आजून बॉल द्या की." आठ नंबरनं डोळे न उघडता सांगितलं, "एक गोल झाला म्हणून लगेच शिकवाय लागू नगंस." पोरगं गप्प झालं. त्यानंतर नुसता बुटांचा आवाज.

61 व्या मिनिटाला जे व्हायचं ते झालं. त्यांच्या मधल्या फळीतल्या हाफनं वरून लांब बॉल टाकला, नऊ नंबर सुटला, कॅप्टन वळला आणि तिसऱ्या पावलाला त्याचा वेग संपला. 1-1. मी बाकड्यावरून उठून दोन्ही हात गोल फिरवून विचारलं, बदलू का? त्यानं मान हलवली. नाही. आमच्या मागं राखीव स्टॉपर पहिल्या हाफपासून वॉर्मअप करत होता, बदल शिल्लक होते.

किपर ओरडला, पण गोल झाल्यावर, आणि तोही 19 वर्षांच्या लेफ्ट बॅकवर. याचा मला फार राग येतो. गोलपोस्टमधून सगळं मैदान दिसतं. "मागं माणूस हाय," "वेळ हाय, फिर," "लाईन खाली" हे बॉल यायच्या आधी बोललं तर ते काम असतं. त्या हाफमध्ये मी कान देऊन ऐकलं. आमच्या पोस्टमधून एकही शब्द वेळेआधी आला नाही.

का येत नाही, याचा विचार महिनाभर करतोय. तालमी मूळच्या कुस्तीच्या. तिथं पैलवान एकटा आत, वस्ताद बाहेर, आणि आवाज बाहेरून. कुस्तीत ते बरोबर आहे. आमचे सीनियर त्याच अंगणात वाढले, तेही बाहेरचा आवाज ऐकत. कोचचा, कार्यकर्त्यांचा, गॅलरीचा. आतून बोलायला त्यांना कुणी कधी सांगितलं नाही. उलट लहानपणी जो आत बोलला त्याला "गप खेळ" म्हणून दाबलं, जसं त्यांनी परवा विंगरला दाबलं. मग वय वाढलं की एक दिवस दंडाला पट्टा बांधतात. आमच्याकडं कॅप्टनपद म्हणजे मानाचा नारळ आहे, वयानं मोठा त्याच्या हातात. खेळाच्या नियमांच्या पुस्तकात तिसऱ्या नियमात साफ लिहिलंय की कॅप्टनला कसला खास दर्जा किंवा सवलत नाही, संघाच्या वागणुकीची काही जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. आम्ही सगळा दर्जा दिला आणि जबाबदारीचं नाव काढलं नाही. वर सीनियर दोन मॅच बाहेर बसला की पुढच्या हंगामाच्या मानधनाची बोलणी थंडावतात, हेही खरं. दुखणं लपवायला आम्हीच शिकवलंय.

मॅच 1-1 नं संपली. जादा वेळ नव्हता, थेट पेनल्टी.

कोच वही घेऊन मधोमध उभा राहिला. "कोण घेणार?"

पहिल्या दोघांनी हात वर केला, आमचा नायजेरियन फॉरवर्ड आणि 21 वर्षांचा राइट बॅक. मग आठ नंबर खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. चांगली घट्ट बांधलेली नाडी. किपरचं बघणं दुसऱ्याच गोलपोस्टकडं. कोच कॅप्टनकडं वळला. कॅप्टन सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझा पाय गेलाय. बुधवारपास्नं दुखतोय."

हंगामभर मी वाट बघत होतो की हा माणूस एकदा तरी सगळ्यांसमोर मोकळं बोलेल. तो बोलला, आणि बोलला तो तेव्हा.

कोचनं त्याच्याकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. "डॉक्टर, तुम्हाला म्हाईत हुतं?" मी मान डोलावली. त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "पाचवी कोण?" विंगर म्हणाला, "मी घेतो."

तिसरी आणि चौथी 20-20 वर्षांच्या दोन पोरांनी घेतली, त्यातली एक त्यांच्या किपरनं अडवली. त्यांच्या पाच किकमधून चार गोल, आमच्या चारमधून तीन. मधल्या वर्तुळापासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चाळीसेक मीटर चालावं लागतं. विंगर चालत गेला, बॉल ठेवला, दोन वेळा फिरवून पुन्हा ठेवला. बॉल बारच्या वरून गेला.

पोरगं तिथंच खाली बसलं. समोरच्या संघाचे लोक त्याच्या दोन्ही बाजूंनी आपल्या किपरकडं पळाले. आमच्या तिघांपैकी कोणी जागचं हललं नाही. आणि मीही हललो नाही, कारण मी गुडघ्यावर बसून कॅप्टनच्या मांडीला बर्फ लावत होतो. त्या क्षणी 22 लोकांत सगळ्यात जास्त दुखत होतं ते चाळीस मीटरवर, आणि माझे दोन्ही हात इथं गुंतलेले. पोरगं उठलं, शॉर्ट्स झाडल्या आणि एकटं चालत आलं.

त्या रात्री मला विश्वचषकातली 28 जून 2014 ची ब्राझील-चिली मॅच आठवली. पेनल्टी सुरू व्हायच्या वेळी ब्राझीलचा कॅप्टन थियागो सिल्वा सगळ्यांपासून बाजूला बॉलवर बसला होता. ब्राझीलची शेवटची किक 22 वर्षांच्या नेमारनं मारली. ब्राझील जिंकलं, म्हणून आमच्या पेठेत फटाके वाजले आणि बॉलवर बसलेल्या माणसाबद्दल कोणी फार बोललं नाही. आमची पाचवी किक आत गेली असती तर मीही हे लिहिलं नसतं, हे मला मान्य करायला हवं.

मंगळवारी सोनोग्राफी झाली. स्नायू खरंच फाटला होता, गुरुवारी मला वाटलं त्याच्यापेक्षा जास्त. म्हणजे कॅप्टन खोटं बोलला नाही. कट्ट्यावर लोक म्हणतायत की पेनल्टी टाळायला त्यानं नाटक केलं. ते साफ चूक आहे आणि मी प्रत्येकाला ते सांगतो. पाय दुखतच होता. 61 व्या मिनिटालाही दुखत होता, आणि गुरुवारी रात्री साडेनऊलाही.

त्याच आठवड्यात विंगर क्लिनिकवर आला. दुखत काहीच नव्हतं. टेबलाच्या कडेला बसला, पाय हलवत.

"दादाचा पाय खरंच गेलता?"

"होय."

"मग बुधवारीच सांगाय पायजे हुतं की. आमी केलं असतं मॅनेज."

मी म्हटलं, "मीही सांगायला पाहिजे होतं." त्यानं माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही, थोड्या वेळानं गेला. पुढच्या हंगामासाठी मी कोचला लिहून दिलंय: तपासणीत जो नापास, त्याची चिठ्ठी त्याच दिवशी कोचकडं जाणार, आणि हे खेळाडूला आधी सांगूनच मी त्याला टेबलावर घेणार. कार्यकर्त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही.

कॅप्टन रोज संध्याकाळी येतो. उताणा झोपून टाचा रोवून कंबर उचलतो, दहाचे तीन सेट, न कुरकुरता. गेल्या सोमवारी दुसऱ्या सेटनंतर छताकडं बघत म्हणाला, "डॉक्टर, त्या पोराला काय सांगू?"

"मला सांगितलंस तेच. पण सरावाला येऊन, सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

तिसरा सेट त्यानं पूर्ण केला. सराव पहाटे साडेपाचला असतो. मंगळवारी तो गेला नाही, बुधवारीही नाही. आज शुक्रवार. आताच त्याचा फोन येऊन गेला, उद्या पहाटे मैदानावर येताना तुम्हीपण या म्हणून. गजर पाचचा लावलाय.