साडेसातशे कोटींचा माणूस आणि जेवणाची खोली

मँचेस्टरात राहून फुटबॉलपासून लांब राहता येत नाही. आमच्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात निम्मी माणसं युनायटेडची, निम्मी सिटीची; गावातले हे दोन क्लब. एक वयस्कर टेक्निशियन तेवढा लिव्हरपूलचा, त्यामुळं तो कुणाशीच फार बोलत नाही. सोमवारी पहिला पेशंट आत यायच्या आधी चहा घेता घेता जी चर्चा रंगते, ती गोल कुणी केला याची क्वचितच असते. कुणाला बाकावर बसवलं (म्हणजे खेळवलं नाही), का बसवलं आणि आता तो काय करणार, यावरच सगळे तुटून पडतात.

मी औशाकडचा. आमच्याकडं खेळ म्हणजे कुस्ती, कबड्डी आणि उरलेला सगळा वेळ क्रिकेट. क्रिकेटमध्ये माणूस वगळला तर तो निवड समिती वगळते. २००५ साली गांगुलीला संघाबाहेर काढलं तेव्हा आमच्या पारावर दोन तट पडले होते. पण गांगुली कोलकात्यात, समिती भलतीकडंच. रोज सकाळी तोंडं बघायची वेळ कुणावर नव्हती. फुटबॉलचं तसं नाही. शनिवारी वगळलेला गडी सुट्टी संपली की त्याच फाटकातून आत येतो, त्याच हिरवळीवर पळतो, आणि ज्यानं वगळलं तो मॅनेजर गळ्यात शिट्टी अडकवून समोरच उभा. वर पगार चालू.

हे पगाराचं माझ्या भाच्याला अजिबात पटत नाही. तो लातूरला क्लासला आहे, बारावीचं वर्ष आहे, आणि रात्री खोलीवर मोबाइलवर मॅच बघतो. (ताई, तू हे वाचत असशील तर पुढच्या परिच्छेदावर जा.) शनिवारी दुपारी तीनला सुरू होणाऱ्या मॅच ब्रिटनमध्ये टीव्हीवर लाइव्ह दाखवत नाहीत. लोकांनी घरी न बसता आपापल्या छोट्या क्लबांच्या मैदानावर जावं म्हणून केलेला हा जुना नियम. म्हणजे मैदान माझ्या घरापासून ट्रामच्या काही थांब्यांवर, आणि मॅच दिसते लातूरच्या पोराला. स्कोअर तोच मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतो. त्याचाच हा प्रश्न: "मामा, एवढे पैसे देऊन घेतलेल्या माणसाला बाकावर कशाला बसिवतेत? खेळवायचं नसंल तर पगार कापा की!"

कापता येत नाही, राजा. करार चार-पाच वर्षांचा असतो आणि खेळाडू खेळो न खेळो, ठरलेला पगार द्यावाच लागतो. बेशिस्तीबद्दल दंड करता येतो, पण तो साधारण दोन आठवड्यांच्या पगाराइतका. त्याहून जास्त हवा तर खेळाडूंची संघटना आडवी येते. छळ करून माणूस स्वतःहून निघून जाईल असं बघावं, तर फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संस्थेचा, नियमच त्याच्या विरोधात आहे. मग मॅनेजरकडं उरतं काय? अकरा जणांच्या यादीतून नाव काढायचं, ते नाही भागलं तर बाकावरूनही काढायचं, पत्रकारांसमोर एखादं वाक्य टाकायचं. अगदी टोकाला गेलं तर लीगकडं, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगकडं, जी पंचवीस जणांची यादी द्यावी लागते, तीत नावच घालायचं नाही. २०२० च्या ऑक्टोबरात आर्सेनलनं मेसुत ओझिलचं हेच केलं. आठवड्याला साडेतीन लाख पौंड पगार असल्याच्या बातम्या होत्या, म्हणजे आपल्या हिशोबानं तीन कोटींच्या वर, आणि माणूस घरी बसून ट्विटरवर आपल्याच संघाला शुभेच्छा देतोय.

याखेरीज एक हत्यार आहे ते म्हणजे जागा. कपडे कुठं बदलायचे, सराव कुणाबरोबर करायचा, जेवायला कुठं बसायचं.

जेडन सँचोला युनायटेडनं २०२१ मध्ये ७ कोटी ३० लाख पौंडांना घेतला, आपले जवळपास साडेसातशे कोटी रुपये. सप्टेंबर २०२३ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात तो संघात दिसला नाही. सामन्यानंतर मॅनेजर एरिक टेन हाग म्हणाला की त्याचा सराव हव्या त्या दर्जाचा नव्हता. काही तासांतच सँचोनं सोशल मीडियावर लिहिलं की हे खरं नाही, मला उगाच बळीचा बकरा केलंय. मॅनेजरला माफी हवी होती. सँचोनं पोस्ट काढून टाकली, माफी काही मागितली नाही. मग कॅरिंग्टनच्या सराव केंद्रात पहिल्या संघाच्या सगळ्या सोयी त्याला बंद झाल्या, जेवणाच्या खोलीसकट. सराव अकादमीच्या, म्हणजे क्लबच्या शिकाऊ, पोरांच्या बाजूला.

आमच्या विभागातल्या युनायटेडवाल्यांना यात जेवणाचं विशेष काही वाटलं नाही. डबा कुठंही खाता येतो, एवढंच त्यांचं म्हणणं. मला मात्र पहिल्यांदा तेच खटकलं. आमच्याकडं बांधावरून भांडण झालेलं असतं, कोर्टात तारखा चालू असतात, तरी लग्नात ते दोघं भाऊ एका पंगतीला बसलेले मी पाहिलेत. पण भरल्या पंगतीतून कुणाला उठवलं तर तो माणूस ते विसरत नाही, त्याची पोरंही विसरत नाहीत. संघातून वगळणं हा खेळाचा भाग झाला. ताटावरून उठवलं की परत बोलवायला तोंड राहत नाही. तसंच झालं. जानेवारीत सँचो उसनवारीवर (ठरावीक काळापुरता) त्याच्या जुन्या जर्मन क्लबला, डॉर्टमुंडला, गेला आणि १ जून २०२४ ला वेंब्लीवर युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची फायनल खेळला. हरले ते, पण फायनल ती फायनल. युनायटेड त्या मोसमात लीगमध्ये आठवं. टेन हागची नोकरी ऑक्टोबरात गेली.

याच टेन हागनं वर्षभर आधी क्रिस्तियानो रोनाल्डोला हाताळलं होतं ते मला जास्त बरं वाटतं. ऑक्टोबर २०२२, टॉटनहॅमविरुद्ध सामना. रोनाल्डो बाकावर. शेवटच्या मिनिटांत बदली म्हणून उतरायला त्यानं नकार दिला आणि सामना संपायच्या आत निघाला. ओल्ड ट्रॅफर्डला गेलेल्यालाच कळेल की हे किती उघड्यावर घडतं. बाक मैदानाच्या मध्यावर आणि आत जायचा बोगदा पार कोपऱ्यात. गुपचूप सटकायची सोयच नाही. रेषेच्या कडेकडेनं, हजारो लोकांच्या डोळ्यांसमोरून चालत जावं लागतं. आणि त्या दिवशी संघ २-० नं जिंकत होता. पुढच्या सामन्याच्या संघातून त्याचं नाव काढलं, काही दिवस सराव वेगळा दिला, आणि मग परत संघात घेऊन एका सामन्यात कप्तानीचा पट्टाही दिला. दार उघडं ठेवलं होतं. नोव्हेंबरात रोनाल्डोनं टीव्हीवर मुलाखत देऊन ते स्वतःच लावून घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या संमतीनं करार संपला.

इथल्या जुन्या लोकांपुढं हे सगळं सांगितलं की ते हात झटकतात आणि युनायटेडच्या जुन्या मॅनेजरचं, फर्ग्युसनचं, नाव घेतात. २००३ च्या फेब्रुवारीत आर्सेनलकडून एफए कपचा सामना हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये फर्ग्युसननं रागानं लाथाडलेला बूट बेकहॅमच्या भुवईवर लागला, टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी बेकहॅम केस मागं बांधून, जखम कॅमेऱ्यांना नीट दिसेल असा बाहेर पडला. उन्हाळ्यात तो रेआल माद्रिदला. ही गोष्ट सगळे रागाची म्हणून सांगतात. माझ्या मते गोष्ट बुटाची नाहीच. त्याच उन्हाळ्यात फर्ग्युसननं लिस्बनहून अठरा वर्षांचा एक पोरगा आणला आणि बेकहॅमचा सात नंबर त्याला दिला. तो पोरगा म्हणजे रोनाल्डो. २००६ मध्ये गोलांचा रतीब घालणाऱ्या व्हॅन निस्टलरॉयला लीग कपच्या फायनलमध्ये बाकावर ठेवलं, उन्हाळ्यात विकलं, आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकली. हाताशी दुसरा माणूस असल्याशिवाय फर्ग्युसन सहसा भांडण शेवटाला नेत नसे. जिथं नेलं तिथं फसला: २००१ मध्ये बचावपटू याप स्टॅमला विकणं ही चूक होती, हे त्यानं नंतर स्वतःच कबूल केलं. आणि त्याच्या डोक्यावर खेळाडूंची खरेदी-विक्री बघणारा दुसरा साहेब नव्हता. सव्वीस वर्षं तो एकाच खुर्चीवर होता. खेळाडूला माहीत असायचं की दोघांतला कोण आधी जाणार.

आताच्या प्रशिक्षकाबद्दल खेळाडूला उलटं माहीत असतं.

विदिंग्टनला एका भिंतीवर युनायटेडच्या मार्कस रॅशफर्डचं मोठं चित्र आहे. सुट्टीच्या दिवशी मी बायकोला घेऊन तिकडं गेलो होतो. करोनाच्या काळात गरीब पोरांना शाळेचं जेवण सुट्टीतही मिळावं म्हणून तो सरकारशी भांडला आणि जिंकला, त्यानंतर काढलेलं हे चित्र. पोरगा इथलाच, विदनशॉचा, सात वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये. डिसेंबर २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक रुबेन आमोरिम यांनी सिटीविरुद्धच्या डर्बीला, म्हणजे गावातल्या दोन संघांच्या सामन्याला, त्याला घरी ठेवलं. सामना जिंकला, म्हणून तेव्हा कुणी ब्र काढला नाही. पण जानेवारीत आमोरिम पत्रकारांना म्हणाले की रोज जीव ओतून सराव न करणाऱ्यापेक्षा मी ६३ वर्षांच्या गोलकीपिंग कोचला बाकावर बसवीन. आमच्या विभागात विदनशॉची एक नर्स आहे. रॅशफर्डचा खेळ बिघडलाय हे ती स्वतः रोज सांगायची. त्या वाक्यानंतर मात्र ती एकदम त्याच्या बाजूची झाली. बोलायचं ते खोलीत बोलावं, असं मला वाटतं. हसं झालेल्या माणसाला गिऱ्हाईकही पडत्या भावातच मागतं. रॅशफर्ड आधी अ‍ॅस्टन व्हिलाला आणि मग बार्सिलोनाला गेला, दोन्हीकडं उसनवारीवरच.

काढणं कुणालाही जमतं हो. परत घेणाऱ्यांच्या गोष्टी मला जास्त वाचाव्याशा वाटतात, आणि त्यातली सगळ्यात भारी याच गावातली, फक्त निळ्या बाजूची, म्हणजे सिटीची. सप्टेंबर २०११, म्युनिक. सिटी बायर्नकडून हरतेय आणि कार्लोस तेवेझ मैदानात उतरायला तयार नाही, असं मॅनेजर मानचिनीचं म्हणणं. तेवेझ म्हणाला, गैरसमज झालाय, मी फक्त पुन्हा वॉर्म-अपला नाही म्हणालो. त्याच रात्री मानचिनीनं जाहीर केलं की माझ्यापुरता हा माणूस संपला. क्लबनं चार आठवड्यांचा दंड मागितला, संघटनेनं तो दोनवर आणला. नोव्हेंबरात तेवेझ परवानगी न घेता अर्जेंटिनाला निघून गेला आणि महिनोन्‌महिने तिकडंच राहिला. गोल्फ खेळतानाचे त्याचे फोटो इथल्या पेपरांत छापून यायचे.

पण जानेवारीत त्याचा सौदा जमला नाही आणि लीग हातातून निसटायला लागली. फेब्रुवारीत तेवेझनं माफी मागितली. मानचिनीनं आपलेच शब्द गिळले आणि मार्चमध्ये चेल्सीविरुद्ध त्याला बदली म्हणून उतरवलं. त्याच्याच पासवर नासरीनं विजयी गोल केला. एप्रिलमध्ये नॉर्विचला तीन गोल, आणि एका गोलनंतर त्यानं मैदानातच गोल्फचा फटका मारल्याची नक्कल केली. मानचिनीच्या जागी दुसरा कुणी असता तर त्या नकलेवरून नवं भांडण काढलं असतं. मे महिन्यात सिटी लीग जिंकली, गुण सारखे असताना केवळ गोलफरकावर (केलेले वजा खाल्लेले गोल), म्हणजे ते तीन गोलही कामालाच आले. पुढं सिटीचाच मॅनेजर ग्वार्डिओलानंही आपला खेळाडू याया तुरेच्या एजंटनं तोंड सोडलं तेव्हा माफी येईपर्यंत तुरेला घेतलं नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात माफी आली, आणि परतीच्या पहिल्याच सामन्यात तुरेनं दोन गोल केले. एकदा घेतल्यावर मागचं काढायचं नाही, एवढं पथ्य दोघांनीही पाळलं.

अलीकडची गोष्ट लिव्हरपूलची. डिसेंबर २०२५ मध्ये लीड्सच्या मैदानावर मो सालाहला पूर्ण वेळ बाकावर बसवलं. सामना ३-३. बाहेर येऊन तो पत्रकारांना म्हणाला की सगळं माझ्यावर ढकलतायत, मॅनेजरशी आता माझं काही नातं उरलेलं नाही. आधल्या मोसमात लीगमध्ये २९ गोल करून ट्रॉफी मिळवून दिलेला माणूस! मॅनेजर आर्नी स्लॉटनं त्याला मिलानच्या सामन्याला नेलं नाही, पण तोंडही सोडलं नाही. शुक्रवारी दोघं बसून बोलले. शनिवारी ब्रायटनविरुद्ध सालाह पुन्हा बाकावर, आणि अर्ध्या तासाच्या आतच एक जण जखमी झाला म्हणून त्याला उतरवावं लागलं. त्याच्या कॉर्नरवर दुसरा गोल झाला. आठवड्याभरात प्रकरण मिटलं. त्या सोमवारी आमचा लिव्हरपूलवाला टेक्निशियन पाच मिनिटं सलग बोलला.

आता भाच्याच्या प्रश्नाला जिथं माझ्याकडं उत्तर नाही, ती गोष्ट सांगतो. विन्स्टन बोगार्ड नावाचा डच बचावपटू २००० साली चेल्सीत आला. करार चार वर्षांचा, पगार आठवड्याला चाळीस हजार पौंडांच्या घरात. तो आला आणि काही आठवड्यांतच मॅनेजर बदलला. नव्या मॅनेजरला, रानिएरीला, तो नको होता. त्याला राखीव संघात टाकलं, मग पोरांबरोबर सराव करायला लावला. बोगार्ड रुसला नाही, विमान पकडून पळाला नाही. रोज वेळेवर यायचा, सांगितलेला सराव करायचा, घरी जायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं, करार केलाय तो पुरा करीन. २००३ मध्ये क्लबला अब्रामोविच नावाचा रशियन अब्जाधीश मालक मिळाला, नवे महागडे खेळाडू आले, तरी बोगार्ड जागचा हलला नाही. २००४ च्या उन्हाळ्यात करार संपला तेव्हा त्याच्या नावावर लीगचे दहा सामनेही नव्हते, आणि पगार मात्र ठरल्याप्रमाणं सगळा जमा झालेला होता.